जुनी शिडाची होडी मराठवाड्यात आणताय? आधी ती उभी कुठे राहणार ते ठरवा

बीडच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: मुंबईत ओळखीच्या कुटुंबाकडे १३ फुटी फायबरची शिडाची होडी आहे. एंटरप्राइज जातीची, १९९०च्या आसपास बनलेली. गेली १२ वर्षं शेडमध्ये पडून आहे आणि ३५ हजारांत मिळते आहे. ती नाथसागरात, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयात, चालवायची इच्छा आहे. एवढी जुनी होडी घ्यावी का, आणायची कशी आणि इथे तिची देखभाल कशी होणार?

प्रश्न तीन आहेत, पण या तिन्हींची उत्तरं ज्यावर अवलंबून आहेत तो चौथा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही. वर्षातले ३०० दिवस ही होडी जमिनीवर राहणार आहे. ती कुठे राहणार? आपल्या भागातली होडी पाण्यात खराब होत नाही. ती उन्हात, पत्र्याखाली, चुकीच्या टेकूवर आणि आत साठलेल्या पाण्याने खराब होते. मी आजवर दुरुस्त केलेल्या बहुतेक होड्यांना झालेली इजा किनाऱ्यावरची होती.

माझ्याबद्दल थोडक्यात सांगतो, म्हणजे कुठल्या अनुभवावरून बोलतोय ते कळेल. मी सैन्यात ई.एम.ई.मध्ये, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत होतो. सिकंदराबादला असताना हुसेनसागरवर शिडाची होडी शिकलो, पुढे होड्यांच्या दुरुस्तीवर काम केलं. निवृत्त होऊन पैठण तालुक्यात गावी आलो. आता फायबरच्या टाक्यांची कामं करतो आणि दोन होड्या सांभाळतो. समुद्रातल्या मोठ्या, केबिनवाल्या बोटींचा मला अनुभव नाही. त्यामुळे खाली लिहिलेलं सगळं तलावातल्या लहान होडीपुरतं धरा.

तुम्ही निवडलेली जात चांगली आहे. जॅक होल्ट यांनी १९५६ साली काढलेला हा नमुना. लांबी चार मीटरच्या किंचित वर, रुंदी साधारण सव्वापाच फूट, ओळखीची निळी शिडं. आपल्या देशातल्या क्लबांमध्ये ही होडी इतकी वर्षं चालली आहे की माहितगार माणूस आणि जुना सुटा भाग अजून मिळतो. मात्र ही दोन माणसांची होडी आहे. एक सुकाणूवर, एक पुढच्या शिडावर. दर रविवारी तुमच्यासोबत बीडहून पैठणला येणारा दुसरा माणूस घरात किंवा मित्रांत आहे का? नसेल तर एकट्याने चालवायची होडी शोधा. हे आधी ठरवा, कारण जोडीदार नाही म्हणून जागेवरच बसलेल्या होड्या मी पाहिल्या आहेत.

आता वयाचं. ३०-३५ वर्षं हे फायबरच्या होडीचं फार वय नाही. फायबर कुजत नाही. कुजतं ते फायबरच्या आत दडवलेलं लाकूड: मागच्या उभ्या फळ्यातला प्लायवूड, डोलकाठी जिथे टेकते तिथला ठोकळा, सेंटरबोर्डच्या, म्हणजे होडीच्या मधून पाण्यात उतरणाऱ्या फळीच्या, पेटीच्या कडा. आणि पाणी पितो तो तरंगण्यासाठीच्या टाक्यांत भरलेला फोम. म्हणून होडी बघायला जाताना रंगाकडे बघू नका. नवा चकचकीत रंग असेल तर उलट जास्त सावध व्हा. रंगाखाली पुट्टी कुठे भरली आहे, ते हात फिरवून आणि तिरप्या उजेडात टॉर्च धरून कळतं.

एक नाणं सोबत न्या. माठ घेताना आपण जसा वाजवून घेतो, तशी होडी वाजवायची. पुढच्या टोकापासून सुरू करून दर चार बोटांवर टिचकी मारत मागे यायचं. खणखणीत आवाज आला तर थर एकजीव आहेत. मध्येच आवाज बद्द झाला तर तिथे थर सुटलेत किंवा आतलं लाकूड ओलं आहे. बद्द जागेभोवती खडूने रेघ ओढत जा. शेवटी चार पावलं मागे जाऊन खडूचे डाग कुठे कुठे आहेत ते बघा. तळहाताएवढे दोन-तीन डाग असतील तर घाबरू नका. मागचा सगळा फळा किंवा डोलकाठीखालचा भाग बद्द असेल तर भाव निम्म्यावर आणा, नाहीतर सोडून द्या.

दुसरी परीक्षा वजनाची, आणि ही कुणीच घेत नाही. एंटरप्राइजचं नुसतं अंग, म्हणजे डोलकाठी, शिडं, बोर्ड सगळं काढून, ९० किलोच्या आसपास असायला हवं. मी माझी होडी पुण्याहून आणली तेव्हा उचलताना सहा जण लागले. मालक म्हणाले, जुनी बांधणी आहे, दणकट आहे. मला ते पटलं नाही. पैठणच्या मोंढ्यात ओळखीच्या आडतीवर पोती मोजायचा सपाट काटा होता. पुढच्या भागाखाली काटा आणि मागच्या भागाखाली तेवढ्याच उंचीचा ठोकळा ठेवून होडी समतल केली. काट्यावर ५६ किलो आले. मग टेकू त्याच जागी ठेवून काटा मागे नेला. ७८. बेरीज १३४. म्हणजे ४० किलोच्या वर पाणी होडीच्या पोटात होतं, तेही मागच्या बाजूला जास्त. टाकीच्या भिंतीला ताटलीएवढं गोल भोक पाडून हात घातला तर फोम भिजवलेल्या पेंडेसारखा हाताला लागला. तो सगळा खरवडून काढायला चार दिवस लागले. टाक्या मार्च-एप्रिलभर उघड्या ठेवून वाळवल्या आणि त्याच काट्यावर पुन्हा वजन केलं. ९७ भरलं. त्या गोल भोकांना आता स्क्रूची झाकणं बसवली आहेत.

मुंबईत आडतीचा काटा शोधणं जमणार नसेल तर निदान चार धडधाकट माणसं घेऊन होडी उचलून बघा. चौघांनी सहज उचलली तर ठीक. चौघांना जड गेली तर आत पाणी आहे असं समजा. तुमच्या बाबतीत एक गोष्ट जमेची आहे. होडी १२ वर्षं शेडमध्ये आहे, कायम पाण्यात उभी नव्हती. कायम पाण्यात राहणाऱ्या फायबरच्या थरात पाणी झिरपून फोड येतात, आणि हे फोड खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात लवकर येतात. पुष्कळांचा समज उलटा असतो. म्हणून नाथसागरात आल्यावरही होडी पाण्यात बांधून ठेवायची नाही. दिवस संपला की बाहेर.

मुंबईची होडी म्हणजे मीठ आलं. मीठ हवेतली ओल ओढत राहतं आणि कोरड्या शेडमध्येसुद्धा धातू खात राहतं. डोलकाठी ॲल्युमिनियमची, तिच्यावरचे रिबेट आणि पट्ट्या स्टेनलेसच्या. हे दोन धातू जिथे भेटतात तिथे पांढरी भुकटी साठते. ती खरवडून खाली बघा. ॲल्युमिनियमला नुसते खड्डे पडले असतील तर चालेल, पण भोक मोठं होऊन रिबेट हलत असेल तर तो भाग बदलावा लागेल. डोलकाठीला तीन बाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारांवरून कापसाचा बोळा फिरवा. कापूस जिथे अडकेल तिथे तारेचा पदर तुटला आहे. खरं सांगायचं तर १० वर्षांच्या वरच्या तारा मी तपासत बसत नाही, सरळ बदलतो. त्या बाहेरून दिसायला छान असतात आणि तुटतात ते टोकाच्या दाबलेल्या नळीच्या आत, जिथे डोळा पोचत नाही. जोराच्या वाऱ्यात तार तुटली की डोलकाठी माणसांवर पडते. इथे काटकसर करू नका.

शिडं उलगडून उन्हात धरा. कापड सहसा टिकलेलं असतं, शिवण गेलेली असते. नखाने धागा खरवडा. सुटत असेल तर सगळी शिवण पुन्हा मारावी लागेल. हे काम मुंबई-पुण्याच्या शीड शिवणाऱ्याकडेच द्या. आपल्याकडचे ताडपत्री शिवणारे कारागीर उत्तम आहेत, होडीचं कव्हर त्यांच्याकडूनच शिवून घ्या. पण शिडाला पोट असतं, ते ठरावीक गोलाईत कापलेलं असतं. ती गोलाई सरळ शिवणीने बिघडते.

म्हणजे विकत घेण्याआधीचा हिशोब असा: होडी ३५ हजारांची, आणि तारा, दोऱ्या, शिवण, फायबरचं साहित्य, वाहतूक मिळून तेवढेच पैसे पुन्हा लागतील असं धरून चाला. ती तयारी असेल तर पुढचं वाचा. कागदाचंही आत्ताच सांगतो. विक्रीचा लेख स्टॅम्पपेपरवर करून घ्या. त्यात होडीची जात, लांबी, शिडावरचा नंबर आणि होडीच्या अंगावर कोरलेला नंबर असेल तर तोही लिहा. त्याची एक प्रत टेम्पोवाल्याजवळ द्या.

आता वाहतूक. गाडीमागे ट्रेलर ओढत आणायचा विचार सोडा. त्या ट्रेलरची नोंदणी, विमा, हुक, सगळंच किचकट, आणि एका फेरीसाठी त्याची गरज नाही. होडी टेम्पोत येते. छोटा हत्ती आणि पिकअप लहान पडतात. १४ फुटी आयशरमध्ये होडी मावते, पण डोलकाठी २० फुटांच्या आसपास असते. म्हणून १७ फुटी घ्या. डोलकाठीचं मागचं टोक हौद्यात, पुढचं केबिनच्या छतावरून पुढे, असं तिरपं ठेवलं की ती गाडीच्या लांबीतच बसते. मागे बाहेर काढू नका. कायद्यालाही ते चालत नाही, आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोक्याच्या उंचीवर ते टोक येतं.

भाड्यात मोठी बचत करायची असेल तर परतीची गाडी शोधा. पैठण, अंबड, जालना भागातून मोसंबी घेऊन टेम्पो वाशीच्या मार्केटला जातात आणि पुष्कळदा रिकामे परततात. तुमच्या ओळखीतल्या एखाद्या बागायतदाराला किंवा व्यापाऱ्याला विचारा. या गाड्यांत कडबा, पेंढा आणि रिकामी कॅरेट असतात. होडीला याहून चांगली गादी नाही.

होडी हौद्यात पालथी ठेवा. लांबच्या खराब रस्त्यासाठी मला हेच सुरक्षित वाटतं. दोन जाड लाकडी फळ्या आडव्या टाकायच्या, त्यावर दुचाकीचे जुने टायर, आणि होडीच्या काठांनी त्यावर टेकायचं. काठ हा होडीचा सगळ्यात मजबूत भाग आहे. उताणी ठेवायची वेळ आलीच तर सगळा भार मधल्या कण्याच्या रेषेवर यायला हवा आणि दोन्ही बाजूंना पेंढ्याने भरलेली पोती घट्ट कोंबायची. लोखंडी अँगल, हौद्याचा कठडा, स्टेपनी, जॅक यांपैकी काहीही होडीच्या अंगाला लागता कामा नये. माझ्या पहिल्या खेपेला गाडीवाल्याने रस्त्यात भर घालायला दुसरा माल घेतला आणि एक लोखंडी पाइप होडीला टेकला. अहिल्यानगर ते शेवगाव एवढ्या अंतरात त्या पाइपाने जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत बाहेरचा थर, घासून फायबरचा जाळीदार थर उघडा पाडला. तेव्हापासून मी गाडीसोबत स्वतः येतो, ड्रायव्हरशेजारी बसून. तुम्हीही तेच करा.

सेंटरबोर्ड आणि सुकाणू काढून वेगवेगळ्या वाकळींत गुंडाळा. डोलकाठीवरच्या दोऱ्या खालपासून वरपर्यंत बांधून टाका, कप्पीवर चिंधी गुंडाळा. होडी पट्ट्याने बांधा, दोरीने नको, कारण दोरी एका रेषेत कापते. पट्टा जिथे आत आडवी भिंत आहे तिथूनच न्या. दोरी-पट्टे पहिल्या २० किलोमीटरवर सैल होतातच, तेव्हा पनवेलच्या आसपास एकदा थांबा, मग शिक्रापूरला, मग अहिल्यानगरला. आणि सगळ्या टाक्यांची बुचं काढून एका पिशवीत घालून खिशात ठेवा. घाट चढून आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पाचशे मीटर वर येतो. बाहेरचा दाब कमी होतो, आतली हवा बंद असेल तर ती डेक, म्हणजे होडीचा वरचा झाकलेला भाग, बाहेर ढकलते.

बुचांचं महत्त्व मला एका मे महिन्याने शिकवलं. डिसेंबरात होडी धुऊन, वाळवून, बुचं घट्ट लावून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली होती. आत किडे, मुंग्या जाऊ नयेत हा विचार. मे महिन्यात कव्हर काढलं तर डेक आणि अंगाच्या सांध्यावर हातभर लांबीची बारीक चीर. साधं गणित आहे. बंद हवेचं तापमान ३० अंशांनी वाढलं आणि तिला पसरायला जागाच नसेल, तर दाब साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण चौरस मीटरभर डेकवर तो भार एक टनाच्या जवळ जातो. आपल्याकडे सावलीत ४२-४३ अंश असतात, पत्र्याखाली त्याहून जास्त. आता मी बुचं काढून त्या जागी मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबराने बांधतो. हवा जाते-येते, गांधीलमाशी आत घर करत नाही.

तर आता मूळ प्रश्न: होडी उभी कुठे करणार? बीडला घरी ठेवून दर वेळी टेम्पो करणार असाल तर तीन-चार खेपांनंतर उत्साह राहत नाही. काठावरच्या गावात कुणाच्या तरी शेतात, विहिरीजवळ किंवा गोठ्यामागे जागा मिळवा. पत्र्याचं शेड नको. झाडाखालीही नको, कारण चिंचेचा आणि कडुलिंबाचा पाला सडून डाग पाडतो आणि पाण्याची वाट बुजवतो. शेडनेट सगळ्यात चांगलं. आपले शेतकरी रोपवाटिकेला लावतात तेच हिरवं, दाट नेट. बांबूवर डोक्याएवढ्या उंचीला ताणा. त्याखाली होडी पालथी, काठांखाली तीन टेकू, एक पुढे आणि दोन मागे, जमिनीपासून गुडघाभर वर. तीन टेकूंवर होडी पिळवटत नाही. चार टेकूंपैकी एक जरी पावसात खचला तर ती महिनोन्महिने मुरगळलेल्या अवस्थेत राहते आणि तसाच आकार धरते. निळी-पिवळी प्लास्टिकची ताडपत्री अंगाला चिकटवून कधीही गुंडाळू नका. आत घाम सुटतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात ताडपत्रीचा भुगा होऊन जेलकोटला चिकटतो. जाड कॅनव्हासचं कव्हर आणि खाली हात जाईल एवढी हवेची जागा, एवढं पुरे.

शिडं तिथे ठेवू नका. घरी आणा. गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, घडी न घालता गुंडाळी करा आणि छताला आडवी टांगा. शेतातल्या खोलीत उंदीर एका रात्रीत शीड कुरतडतात. दोऱ्याही आत. शेतीच्या दुकानातला नायलॉन दोर शीड चढवायला वापरू नका. तो ताण आला की लांबतो आणि शीड खाली सरकतं. पॉलिस्टरचा विणलेला दोर घ्या.

फायबरची दुरुस्ती स्वतः शिका. अवघड नाही, पण आपल्या हवेत वेळ फार महत्त्वाची आहे. मी हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी नऊ-दहानंतर करतो. मे महिन्यात रेझिन (फायबरचे थर जोडणारा चिकट द्रव) डब्यातच गरम होऊन दगड होतं, ब्रश बाहेर काढायला वेळ मिळत नाही. पावसाळ्यात मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) ओल धरते आणि थर पांढुरका पडतो. चीर दिसली की वरून पुट्टी भरण्याचा मोह होतो, तो टाळा. ग्राइंडरने चिरेच्या दोन्ही बाजूंना हळूहळू उतार काढा. थर तीन मिलिमीटर जाड असेल तर उतार निदान साडेतीन सेंटिमीटर पसरट हवा. ॲसिटोनने पुसा. मॅटचे तुकडे लहान-मोठे कापून एकावर एक बसवा आणि रोलरने बुडबुडा न् बुडबुडा बाहेर काढा. दुरुस्तीचा जीव त्या रोलरमध्ये आहे.

तीन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. रेझिन घट्ट करण्यासाठी त्यात हार्डनर आणि कोबाल्ट अशी दोन रसायनं घालतात. ती थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर, तोही शंभराला एक-दोन भाग. शक्यतो कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागा. हार्डनर हाताळताना डोळ्यांवर चष्मा हवाच. दुसरं, थर्मोकोलवर पॉलिस्टर रेझिन टाकलं की थर्मोकोल विरघळतं. टाकीत फोम बसवायचा तर पाणी न पिणारा, बंद पेशींचा पॉलिथिन फोम घ्या. तिसरं, लाकडावर पॉलिस्टर नीट धरत नाही, तिथे इपॉक्सीच वापरा.

पाण्याबद्दल. नाथसागर पूर्ण भरला की सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि २७ किलोमीटरपर्यंत रुंद पसरतो, साधारण ३५० चौरस किलोमीटर. पण उथळ ताटासारखा आहे. पाणी थोडं उतरलं तरी काठ फार लांब जातो. दिवाळीत जिथून होडी ढकलली, तिथे फेब्रुवारीत कुणाचा तरी गाळपेऱ्याचा हरभरा किंवा गहू उभा असतो. २०१६ आणि २०१९च्या उन्हाळ्यात तर जिवंत साठाच संपला होता. म्हणून होडीसोबत ढकलगाडी लागते, आणि तिला रुंद टायर लागतात. स्कूटरचं अरुंद चाक काळ्या मातीत आसापर्यंत रुतलं की होडी तिथेच राहते. मुरमाड काठ निवडा आणि दोन-तीन जागा आधीच हेरून ठेवा.

परवानगीशिवाय होडी आणूच नका. हे जलाशय १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे, म्हणून वन विभाग. धरण जलसंपदा विभागाचं, म्हणून त्यांचीही. दोन्हीकडे लेखी अर्ज करा. बिनमोटरची होडी आहे, कुठे ठेवणार, कुठून उतरवणार, ते नकाशासह लिहा. ही परवानगी मिळेल की नाही आणि किती दिवसांत, हे त्या वेळच्या अधिकाऱ्यांवर आणि पाण्याच्या स्थितीवर अवलंबून असतं. म्हणून मुंबईला पैसे देण्याआधी हा अर्ज करा. हिवाळ्यात पट्टकादंब आणि रोहित पक्षी उथळ भागात उतरतात, त्या बाजूला शीड नेऊ नका. निळं शीड लांबूनच त्यांना उडवून लावतं. बीडकरांसाठी दुसरा पर्याय माजलगाव धरण. जायकवाडीच्याच दुसऱ्या टप्प्यातलं, आकाराने लहान, पण शिकायला पुरेसं. परवानगी तिथेही विचारावी लागेल.

परवानगीइतकीच गरज काठावरच्या भोई मंडळींच्या ओळखीची आहे. त्यांची जाळी पाण्यात कुठे आहेत ते फक्त त्यांना माहीत असतं. रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या की ती जाळ्याची रांग समजा आणि लांबून वळसा घाला. वळायला जमलंच नाही तर सेंटरबोर्ड वर घ्या आणि सुकाणूचं पातं उचला. कुणाचं जाळं फाटलं तर थांबून, काठावर जाऊन भरपाई द्या. पाण्याखाली काय आहे तेही हेच लोक सांगतात. धरणाने शंभरावर गावांच्या जमिनी बुडवल्या. जुन्या भिंती, विहिरींची तोंडं, झाडांचे बुंधे पाणी उतरलं की वर येतात. माझ्या सेंटरबोर्डचा खालचा कोपरा एका बुडालेल्या भिंतीवरच तुटला. एका भोई काकांनी नंतर सांगितलं, तो त्यांच्याच जुन्या गावच्या वाड्याचा गडगा होता.

वाऱ्याचं एक सांगतो, कारण बाहेरून आलेल्या माणसाला हे उशिरा कळतं. पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडून येतो, लांबवर मोकळ्या पाण्यावरून धावत येतो, आणि धरणाचा सुमारे दहा किलोमीटरचा बांध पूर्वेला आहे. म्हणजे होडी बिघडली की वारा तुम्हाला थेट बांधाच्या दगडी पिचिंगवर नेऊन आपटणार. २७ दरवाजेही तिकडेच. दरवाजे उघडे असताना पाण्यात उतरूच नका, आणि एरवीही बांधापासून आणि पाणी उपसणाऱ्या विहिरींपासून खूप लांब, पश्चिमेकडे राहा. शिकण्यासाठी ऑक्टोबर ते जानेवारीच्या सकाळी उत्तम. वारा बेताचा, पाणी भरलेलं, ऊन सोसणारं. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर अवकाळीचं वावटळ आणि वीज येते. उघड्या पाण्यावर तुमची डोलकाठी हीच सगळ्यात उंच वस्तू असते. त्या दिवसांत मी अकरापर्यंत होडी बाहेर काढून डोलकाठी आडवी करतो. लाइफ जॅकेट काठावरच अंगात घालायचं, होडीत ठेवायचं नाही. पहिल्याच आठवड्यात कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम उलटी करून, सेंटरबोर्डवर उभं राहून सरळ करायचा सराव दोघांनीही करा. टाक्या गळतात का, तेही तेव्हाच कळेल. उलटलेली होडी सोडून पोहत काठाकडे निघायचं नाही. नाथसागरात काठ दिसतो त्यापेक्षा फार लांब असतो.

तुम्ही मुंबईला जाल तेव्हा नाणं, खडू, टॉर्च आणि थोडा कापूस न्या. खडूचे डाग दिसतील असे अंगाचे फोटो, मागच्या फळ्याचे आतून-बाहेरून फोटो, डोलकाठीच्या पायाचा फोटो आणि तारांच्या टोकांचे जवळून फोटो काढा. चौघांनी उचलल्यावर कशी वाटली तेही लिहा. ते पाठवा, मग भावाचं बोलू. तोपर्यंत पैठणच्या बाजूला एका रविवारी या. माझी होडी शेडनेटखाली पालथी आहे, तिला नाण्याने वाजवून बघा. चांगल्या फायबरचा आवाज एकदा कानात बसला की मुंबईत तुमची फसगत होणार नाही.